उरलेला तुकडा

"कागदातल्या चौथ्या पायरीला खिडकी एक मिलिमीटर डावीकडे सरकली आहे," तिने फोनवर सांगितलं.

"एक मिलिमीटरनं काय आभाळ कोसळतंय का, बाई?" किटवाला कुरकुरला.

"माझं कोसळतं. कागद दुरुस्त करा."

किटवाला छोट्या रेल्वेसाठी लाकडी इमारतींचे संच बनवायचा. स्टेशनं, गोदामं, पूल. बाजारात जाण्याआधी प्रत्येक संच तिच्याकडे यायचा. ती तो सूचनांच्या कागदाबरहुकूम जोडायची आणि चुका कळवायची. तिचे नियम दोनच. स्वतःची अक्कल चालवायची नाही, कागदात असेल तेवढंच करायचं. आणि शेवटी एकही तुकडा उरता कामा नये. उरलाच, तर तो कुठे बसतो ते कळेपर्यंत अहवाल द्यायचा नाही.

हा संच मात्र तिने हट्टाने मागून घेतला होता. जुन्या जंक्शनची सिग्नल केबिन, शेजारची पाण्याची टाकी आणि खालचे रूळ. खरी केबिन कधीच पाडली गेली होती. पण चौकशीच्या फायलीत तिची मापं होती, अपघातानंतरचे फोटो होते. किटवाल्याने सगळं त्यावरूनच कापलं होतं.

त्या केबिनमध्ये अप्पा, म्हणजे तिचे वडील, नोकरीला होते.

रुळावर मालगाडीचे पाच डबे उभे असताना सिग्नल हिरवा झाला. मागून आलेलं इंजिन त्यांच्यावर आदळलं आणि इंजिनातला एक माणूस गेला. "टाकी आड आली, मला डबे दिसले नाहीत, म्हणून हिरवा दिला," असं अप्पांनी चौकशीत सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही. नोकरी गेली आणि नाव पडलं 'टाकीवाला'. ती तेव्हा पाच वर्षांची होती. पुढे शाळेत 'टाकीवाल्याची पोर' म्हणून चिडवणाऱ्या तिघांची तिने डोकी फोडली होती, आणि त्याचं तिला आजही जराही वाईट वाटत नव्हतं.

आता अप्पा ब्याऐंशीचे होते. त्यांनी डोळे मिटायच्या आत हा डाग पुसायचाच, असा तिने चंग बांधला होता. रेल्वेच्या कचेरीतले साहेब म्हणाले होते, नवा पुरावा आणा. टाकी खरोखर आड येते एवढं दाखवलं की झालं.

अप्पा दारातून वाकून आत आले. सहा फूट दोन इंच उंची. या वयातही कपाळ चौकटीवर आपटायचं.

"चिमे, कशाला उकरून काढतेस? झालं गेलं."

"तुमचं झालं असेल. माझं नाही."

"त्यापेक्षा ते गोदाम जोड की. छान दिसतं."

"चहा घ्या आणि गप्प बसा बघू, अप्पा!"

अकरा दिवस ती खपली. फळीफळीवर सुईने खिळ्यांच्या खुणा केल्या. डिंक दात कोरायच्या काडीने लावला. भिंती वाकू नयेत म्हणून त्यांच्यावर जाडजूड शब्दकोश ठेवला. मागच्या भिंतीवर सिग्नलच्या बटणांची पेटी बसवली, तांदळाच्या दाण्याएवढी. अप्पा रोज येऊन बघून जायचे.

रविवारी सकाळी फक्त छप्पर राहिलं, आणि बशीत एक तुकडा उरला. चार पायांचं इवलंसं स्टूल. कागदात त्याचा पत्ताच नव्हता. तिने फोन लावला.

"अरेच्चा, लिहायचं राहिलंच!" किटवाला म्हणाला. "फोटोत दिसलं म्हणून कापलं. बटणांच्या पेटीच्या बरोब्बर खाली येतं. तो सिग्नलवाला बुटका असणार."

"काहीतरीच तुमचं!" तिला हसू आलं. खुर्चीत पाय लांब सोडून बसलेल्या अप्पांकडे बघून तर जास्तच आलं. स्टूल तिने बशीतच ठेवलं. आधी टाकी.

प्लंबर नळात घालतात तसला बारीक कॅमेरा तिने आणून ठेवला होता. केबिनमधल्या खुर्चीवर, उंच माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत तिने तो धरला आणि फोनच्या पडद्यावर पाहिलं.

पाचही डबे दिसत होते. स्पष्ट. टाकी एका बाजूला उभी होती, आड येतच नव्हती.

तिने कॅमेरा खाली घेतला, वर घेतला. मापं पुन्हा काढली. टाकी तसूभर हलली नाही. तिला एकदम रडू फुटेलसं झालं आणि त्याहून जास्त राग आला.

"अप्पा, टाकी आड येत नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे? म्हणजे खोटं बोललात? चौकशीत, आईशी, माझ्याशी? अहो, तुमच्यासाठी मी जन्मभर लोकांशी भांडत आले!"

अप्पांनी खुर्ची टेबलापाशी ओढली. चष्मा चढवला. चिमटा घेऊन त्यांनी बशीतलं स्टूल उचललं आणि केबिनच्या खिडकीखाली ठेवलं.

"हे स्टूल मी केलं होतं, तुझ्यासाठी. तुझी आई जेवण द्यायला आली की तुला तासभर माझ्यापाशी सोडून जायची. तुला गाड्या बघायच्या असायच्या. हे इथं असायचं, खिडकीखाली."

"मला नाही आठवत."

"नाही आठवत तेच बरं, असं वाटायचं मला."

त्यांनी चिमट्याच्या टोकाने स्टूल हळूहळू सरकवत मागच्या भिंतीपर्यंत नेलं, बटणांच्या पेटीखाली.

"त्या दिवशी मी पाणी आणायला खाली उतरलो, चिमे. दोन मिनिटं. वर आलो तर हे इथं होतं, आणि तू त्यावर उभी होतीस."