फेलिसाचे शुक्रवार

"अजून थोडं, मावशी," असं म्हणत आनालिननं फेलिसाची टाच मांडीकडे रेटली. गुडघा रोजच्या जागी येऊन अडला. फेलिसानं तोंडातल्या टॉवेलवर दात रोवले. उशाशी उभी असलेली तिची मुलगी मारिविक भिंतीकडे बघत राहिली.

आनालिननं टाच हळूच खाली ठेवली. इस्पितळाच्या या व्यायामाच्या खोलीत तिनं कितीतरी अडेल गुडघे वठणीवर आणले होते, आणि रुग्णाला खोटी आशा लावायचा तिचा स्वभाव नव्हता. ती म्हणाली, नवा सांधा चांगला बसलाय, पण भोवतीचं सगळं आखडून गेलंय. आता हा गुडघा याहून जास्त वाकायचा नाही. काठी घेऊन चालता येईल, एकेक पायरी करत जिनाही चढता येईल. उकिडवं बसून कपडे धुणं मात्र संपलं.

"आणि टेकायला?" फेलिसानं विचारलं.

"काय टेकायला?"

"गुडघे."

आनालिननं मारिविककडे पाहिलं आणि नुसतीच नकारार्थी मान हलवली.

लोकांचे कपडे धुण्यात फेलिसाचा जन्म गेला होता. पण मारिविकच्या मते आईचे गुडघे धुण्यानं गेले नव्हते, ते शुक्रवारांनी खाल्ले होते. दर शुक्रवारी फेलिसा कियापो भागातल्या चर्चमध्ये जायची. दाराशी चपला काढायची आणि तिथून थेट वेदीपर्यंत, खांद्यावर क्रूस घेतलेल्या काळ्या येशूच्या मूर्तीसमोर, गुडघ्यांवर चालत जायची. लहानपणी मारिविक तिच्या चपला हातात धरून बाजूनं चालायची. लोक सरकून वाट द्यायचे. मारिविकला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नवस कशाचा, हे फेलिसानं कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. मारिविकचा बाप दुबईला कामाला गेला. आधी त्याचे फोन थांबले, मग त्याचं नावही थांबलं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बिचारी नवऱ्यासाठी गुडघे झिजवते. मारिविक तेच ऐकत वाढली. जाणती झाली तशी ती आईला बोलायला लागली. तिकडं त्यानं दुसरं घर थाटलंय, पोरंबाळं झालीत, आणि तू इथं त्याच्या नावानं फरशी पुसतेस. फेलिसा म्हणायची, तुला नाही कळायचं.

ऑपरेशननंतर मात्र मारिविकनं काही कमी केलं नाही. दिवसभर मॉलच्या काउंटरवर उभी राहून ती घरी यायची आणि बॅग टाकून आईचा पाय मांडीवर घ्यायची. आधी शेक, मग आनालिननं दाखवलं होतं तसं वाकवणं. फेलिसा कण्हायची, आणि मारिविक थांबली की तीच म्हणायची, दाब, थांबू नकोस. एकदा मारिविकचा तोल सुटला.

"त्याच्यासाठीच ना हे? परत गुडघ्यांवर जायचंय म्हणून?"

फेलिसानं डोळे मिटून घेतले. मारिविकला तेवढं उत्तर पुरलं.

आनालिननं निकाल दिला तसं तेही संपलं. फेलिसानं शेक घ्यायचं सोडलं. तांदळाची पेज वाडग्यातच गार व्हायला लागली. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. बाहेरून मारिविकच्या खोकल्याचा आवाज आला, की तेवढ्यापुरती दचकून उठून बसायची. ताप आहे का, गळा दुखतो का, डॉक्टरकडे जा. मारिविक वैतागायची. स्वतः अन्नपाणी सोडून बसलीस, आणि माझ्या शिंका मोजतेस.

पुढच्या शुक्रवारी काउंटरवर उभ्या उभ्याच मारिविकला रडू फुटलं. तिनं अर्धी सुट्टी मागितली. घरी जायला निघालेली ती कियापोला उतरली. आत शिरली, चपला काढल्या, आणि जे आयुष्यात कधी करणार नाही असं म्हणाली होती ते केलं. दुकानाच्या गणवेशातच ती खाली बसली आणि गुडघ्यांवर पुढं सरकू लागली.

फरशी इतकी कठीण असेल असं तिला वाटलं नव्हतं. थोडं अंतर गेल्यावरच हाडाला हाड लागल्यासारखं झालं. प्रार्थना तिला येत नव्हती. ती एवढंच म्हणत होती, तिला जेवू दे, तिला उठू दे. निम्म्या वाटेवर वेदना डोक्यापर्यंत गेली आणि ती थांबली. समोर दोन पाय उभे होते. एक सरळ होता, दुसरा ओंडक्यासारखा ताठ.

शुक्रवार चुकू नये म्हणून फेलिसा शेजारणीच्या आधारानं आली होती. बाजूच्या बाकावरून तिनं गणवेश ओळखला आणि काठी टेकत वाटेत येऊन उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली.

"नाही उठणार." मारिविकनं मान वर केली. "तुझं देवानं ऐकलं नाही. इतकी वर्षं सरपटलीस, बाबा आला का? माझं तरी ऐकू दे."

"तुझ्या बापासाठी मी इथं एक शुक्रवार आले नाही."

"मग कुणासाठी?"

फेलिसाला खाली वाकता आलं नाही. तिनं उभ्या उभ्याच हात पुढं केला.

"तू तान्ही होतीस. ताप उतरेना. डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून मी गुडघे टेकले."