बोटीखालून गेलेली लाट

मासळीने भरलेली बोट घेऊन शिंगारवेलू नागपट्टिनमला परतला, तेव्हा किनाऱ्यावरची कोळ्यांची वस्ती नाहीशी झाली होती. बायको वळरमती त्याला छावणीत सापडली. त्यांच्या सहा वर्षांच्या पूंगोडीला मात्र लाटेने तिच्या हातातून ओढून नेलं होतं.

लेकीला शोधण्यात आठवडा गेला. त्याने चिखल उपसला, अनोळखी प्रेतं वाहिली, आणि शेवटी पाय उचलेनात तेव्हा तो बायकोशेजारी येऊन बसला.

"सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला म्हणतात," तो म्हणाला. "ती लाट माझ्या बोटीखालूनच इकडे आली. खोल पाण्यात ती जाणवतसुद्धा नाही. मी जाळं ओढत गाणं गुणगुणत होतो गं."

वळरमती इतके दिवस कोणाशीच बोलली नव्हती. त्याच्या तळहातांवर फावड्याचे फोड फुटले होते. ते तिने पदराने पुसले.

"बरं झालं, तुम्ही लांब होतात," ती हळूच म्हणाली. "नाहीतर तिच्या नावाने रडायला मी एकटीच उरले असते."

मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकून, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, ती झोपी गेली. तो न हलता बसून राहिला.