ऑपरेशनचा दशमांश

"हा हिच्या ऑपरेशनच्या पैशांचा दशमांश," म्हणत रंगाऱ्याने पाकीट पाळकांच्या टेबलावर ठेवलं.

चर्चमधली रविवारची उपासना संपून मंडळी पांगली होती. पाळकांचा झगा अजून अर्धा अंगावरच होता. मागच्या रविवारी त्यांनी स्वतः बाकाबाकांमधून फिरून रंगाऱ्याच्या बायकोसाठी पैसे गोळा केले होते. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. कुणी हात आखडता घेतला नव्हता. पाळकांचा महिन्याचा पगारही त्यातच गेला होता. तेव्हा कुठे हॉस्पिटलने सांगितलेली रक्कम जेमतेम जमली होती, आणि तिचा दहावा भाग आता टेबलावर होता.

बायको दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. तीन पायऱ्या चढून तिला धाप लागली होती. पाय सुजल्यामुळे तिने नवऱ्याच्याच चपला घातल्या होत्या, रंगाचे शिंतोडे उडालेल्या.

"अरे, उद्या सगळे पैसे भरायचेत ना?" पाळकांनी विचारलं.

"हो. एक रुपया कमी असला तरी दाखल करून घेणार नाहीत."

"मग?"

"मग काय, देव देईल की. तुम्हीच सांगता, हातात येईल त्यातला पहिला वाटा त्याचा. तो दिला की बाकीचं तो बघतो."

तो टोमणा मारत नव्हता. पंचाईत तिथेच होती. वीस वर्षं पाळक हे सांगत आले होते. दशमांश ठेवून घेणारा देवाला लुटतो, असंही सांगत होते. निम्मी मंडळी तेव्हा डुलक्या घेते, हे त्यांना ठाऊक होतं. हा एकटा जागा होता, हे त्यांना आज कळलं.

"ही मदत आहे, कमाई नव्हे. मदतीचा दशमांश नसतो."

"असं कुठे लिहिलंय?" रंगाऱ्याने भाबडेपणाने विचारलं.

पाळकांनी पाकीट उचललं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"बरं, मी हे घेतलं. आता हेच तुला मदत म्हणून परत देतो. झालं समाधान?"

रंगाऱ्याने विचार केला. "मग त्याचाही दहावा भाग काढावा लागेल."

बायकोला हसू आलं, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली.

पाळकांचा संयम सुटला. पाकीट रंगाऱ्याच्या खिशात कोंबायला ते उठले, तसा तो भिंतीपर्यंत मागे सरला. चार-चार मजले दोराला लटकून काम करणारा माणूस, पण त्याने दोन्ही हातांनी खिसा झाकून धरला.

"असं करू नका, पाळकसाहेब. देवाचं घरात ठेवून मी हिला ऑपरेशनला कसा नेऊ?"

"बाई, तुम्ही तरी समजवा याला."

"टाका ते पेटीत," बायको म्हणाली.

कोपऱ्यातली दानपेटी महिनाअखेरीला उघडायची. किल्ल्या समितीकडे असायच्या. एकदा आत पडलेलं पाळकांनाही काढता येत नसे.

"अहो, उद्या पैसे कमी पडले तर?"

"तर पुढची तारीख मिळेल. तोवर जगले तर जगले." तिने श्वास घेतला. "पण तुम्ही हे घेतलं नाही आणि मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेले, तर हे जन्मभर म्हणत बसतील, मी देवाचा वाटा ठेवला म्हणून ती गेली. तुम्ही शिकवलंय त्यांना. आता तुम्हीच निस्तरा."

पाळकांनी पाकीट पेटीत टाकलं. इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

दान घेतलं की देणाऱ्यासाठी प्रार्थना करायची, अशी त्या मंडळीची रीत होती. रंगारी गुडघे टेकून, डोळे मिटून थांबला. बायकोला गुडघे टेकता येत नव्हते. ती खुर्चीतूनच उघड्या डोळ्यांनी पाळकांकडे बघत राहिली.

"हे प्रभू," पाळक म्हणाले. पुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

रंगाऱ्याने बराच वेळ वाट पाहिली. पाळकांनी मनातल्या मनात मागितलं असेल, असं त्याला वाटलं.

"आमेन," तो समाधानाने म्हणाला, आणि बायकोला हात देऊन उठवू लागला.