शहराची रास

दिवस भरत आलेली लेक आज घरी यायची होती. मी दिवा लावून जपाला बसले, तोच दीर पत्रिकेवरून मान वर करून म्हणाले, “वहिनी, स्थापनेची तारीख चुकली माझी. आपल्या शहराची रास मकर नाही, कर्क आहे.”

“म्हणजे काय हो, भाऊजी?”

“मकरेची माणसं मरेस्तोवर राबतात. कर्केची घर सोडत नाहीत, कुणाला आत घेत नाहीत.”

“बरं झालं, जरा पाठ तरी टेकता येईल,” मी म्हटलं.

ह्यांनी घातलेले बूट काढून ठेवले. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

बेल वाजली. “आई, उघड ना गं! उभं राहवत नाहीये मला!”

माझा हात कडीपर्यंत गेला. मग त्या हातानेच अगदी सावकाश वरचीही कडी लावली.