आत्याचा मान

बारशाला घर भरलं होतं, पण ऐकू येत होतं ते फक्त बाळाचं रडणं. कानामागे चकती बसवल्यापासून सगळे एकमेकांशी मनातूनच बोलत. बाळाच्या आत्याने, कुमुदने मात्र ती बसवून घ्यायला साफ नकार दिला होता. "मला तोंड आहे की!"

तरी नाव ठेवायचा मान आत्याचाच. ती थकल्या अंगाने उठली, पाळण्यावर वाकली आणि थबकली.

"हेरंबा, नाव काय ठरलंय रे?"

भावाने कपाळाला हात लावला. नाव कालच सगळ्यांना कळवलं होतं, मनातून. त्याने तोंड उघडलं, पण वर्षानुवर्षं न वापरलेल्या गळ्यातून नुसती घरघर आली.

कुमुद बाळाच्या कानाशी लागली. "मला कुणी सांगितलंच नाही गं, बाई."

बाळ रडायचं थांबलं. पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याशी बोलत होतं.