दाढी करता येईल इतकी स्वच्छ

एक जुना बनियन, कात्रीने चौकोनी तुकडे केलेला.

घड्याळात चार वाजतात ती दिशा.

पहारेकऱ्याला मारलेली, सरकारी वाटेल अशी थाप.

प्रेक्षकांच्या बाकावर सगळ्यात पुढे सासरे. पाठ ताठ, शर्ट कडक इस्त्रीचा.

आणि आता हे : नेमबाजीच्या क्लबात, निवड सुरू व्हायला दहा मिनिटं असताना, सुनेने आपल्या रायफलीच्या मागच्या तोंडाचा बोल्ट काढला, नळी खिडकीकडे धरली आणि आत पाहिलं. आत काहीच नव्हतं. म्हणजे जे असायला हवं होतं, ते नव्हतं. नळी लखलखत होती.

निवडीच्या तोंडावर कुणी नळी धूत नाही. आत काजळीचा पातळ थर बसला की गोळी रोज एकाच जागी जाते. तो खरवडला की पुढच्या आठ-दहा गोळ्या भलतीकडे जातात आणि थर पुन्हा बसल्यावरच ताळ्यावर येतात. आज चाचणीच्या गोळ्या दोन होत्या. त्यानंतरच्या वीस मोजल्या जाणार होत्या. सहाजणींतून एक संघात जाणार होती.

तिने मागे वळून पाहिलं. सासऱ्यांनी भुवया उडवल्या. आभार वगैरे नकोत, असा चेहरा.

बाकापाशी जाऊन तिने हळूच विचारलं, तेव्हा त्यांनी काहीही लपवलं नाही. काल दुपारी ते येऊन गेले होते. पहारेकऱ्याला जरा जाड आवाजात ‘तपासणी आहे’ म्हटलं, आणि त्याने रायफलींचं कपाट उघडून दिलं. शस्त्रागारात नळ्या साफ करण्यात एकतीस वर्षं घालवलेल्या माणसाने घरच्या सुनेची नळी तशीच सोडायची की काय? आधी तेल, मग पितळी ब्रश, मग चिंध्या, चिंधी पांढरी निघेपर्यंत. ही रायफल आहे की धुराडं, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरीला कशाला बोलायचं, म्हणून ते गप्प राहिले होते. एवढं सांगून त्यांनी खिशातून एक पिशवी काढली. आत काळ्या चिंध्या होत्या, नीट घडी घातलेल्या. पुरावा.

तिने दात आवळून, पण आवाज न चढवता, काजळीचं सगळं प्रकरण समजावून सांगितलं. सासऱ्यांचा चेहरा उतरत गेला. मळक्या नळीपायी शिक्षा झालेले त्यांनी ढिगाने पाहिले होते. स्वच्छ नळीपायी रडकुंडीला आलेली ही पहिलीच. त्यांनी पिशवी उघडून तिच्यापुढे धरली.

“परत घालता येईल का?”

मास्तरांची शिट्टी झाली. मास्तर म्हणजे क्लबाचे प्रशिक्षक. सून चटईवर पालथी झाली.

पहिली गोळी चारच्या दिशेला, वर्तुळांच्या पार बाहेर. दुसरी चारलाच, बोटभर आत. संपलं, असं म्हणून तिने डोळे मिटले.

तेवढ्यात शेजारणीची गोळी अकराला गेली. पलीकडचीची सातला. तिच्या पलीकडचीला कागदच सापडला नाही. मास्तर दुर्बिणीतून पाहत म्हणाले, की सगळ्यांनी ठरवून डोळे घरी ठेवले असतील तर तसं आधी सांगायचं.

सुनेने डोळे उघडले आणि मान वळवून बाकाकडे पाहिलं. सासऱ्यांनी एका हाताची पाच बोटं वर केली. मग दुसऱ्या हाताचा अंगठा.

शस्त्रागारात कुणी एक रायफल साफ करत नाही. रांग साफ करतात.

डावी-उजवीकडे सगळ्याजणी गोळी मधोमध यावी म्हणून नेमाचे स्क्रू फिरवू लागल्या होत्या. आता स्क्रू फिरवणारीच्या गोळ्या काजळी बसली की उलट्या बाजूला जाणार होत्या. न फिरवणारी आपोआप जागेवर येणार होती. हे त्या सहाजणींत फक्त सुनेला माहीत होतं. जागा तिची होती; फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

हे तिला घरीही कधी जमलं नव्हतं.

“मास्तर, स्क्रूला कुणी हात लावू नका. माझ्या सासऱ्यांनी सगळ्यांच्या नळ्या धुतल्यात.”

सगळ्या माना बाकाकडे वळल्या. सासरे हजेरीत नाव पुकारल्यासारखे उठून उभे राहिले. मास्तरांनी विचारलं, सहाही? सासऱ्यांनी मान खाली घालून उत्तर द्यायचा प्रामाणिक प्रयत्न केला.

“आत पाहून दाढी करता येईल इतक्या.”

शेजारणीने आपला स्क्रू जागेवर आणला आणि सुनेला म्हणाली, की हे सासरे चार दिवस माझ्याकडे पाठव, माझ्या घरच्या कढया पाहण्यासारख्या आहेत.

मास्तरांनी प्रत्येकीला दहा गोळ्या दिल्या आणि त्या समोरच्या मातीच्या ढिगात झाडायला सांगितल्या. नेम नको, फक्त धूर. साठ वेळा आवाज झाला. साठही वेळा सासरे दचकले. मग मास्तरांनी नळ्या तपासायचं काम त्यांनाच दिलं. त्यांनी हात पाठीमागे बांधले, रांगेतून चालत एकेका नळीत एक डोळा मिटून पाहिलं, आणि शेवटी सुनेपाशी थांबले. तिथे जरा जास्तच वेळ पाहिलं.

“घाण आहे,” ते कळवळून म्हणाले.

“मग छान आहे, बाबा,” ती म्हणाली आणि चटईवर कोपरं टेकवली.

निवडीत ती एका गुणाने मागे पडली.