चंद्राबाईंनी रद्द केलं

चंद्राबाईंनी ‘रद्द करा’वर बोट ठेवलं आणि फोनवर वेबसाइटचं पहिलं पान परत आलं.

कशेळ्याच्या बचत गटाच्या खोलीत जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. रानभाज्या विकायची गटाची ही वेबसाइट चंद्राबाईंच्याच लेकीने, उज्वलाने बनवली होती. पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहत नव्हते. म्हणून कर्जतची नोकरी सांभाळून, तीन रविवार खर्चून तिने गूगलच्या खात्यातून आत जायची सोय जोडली होती. आज ती पहिल्यांदा वापरायचा मान आईचा होता.

"आई, चुकून दाबलंस का?"

"चुकून नाय. वाचून दाबलं."

गटाला मदत करणाऱ्या संस्थेचे देवव्रत सर हसले. "अहो मावशी, ते कुणी वाचत नाही. सगळे नुसतं ‘अनुमती द्या’ दाबतात."

चंद्राबाईंना अक्षरओळख झाली ती साठीनंतर. त्यांनी गूगलचं ते परवानगी मागणारं पान पुन्हा उघडलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्याने वाचलं, "तुमचे... सं-पर्क... पाहणे." मग मान वर केली. "माजं नाव बघ, ईमेल बघ. पन माज्या फोनातल्या बायांचे नंबर तुला कशाला गं? त्यांना इचारलंस?"

उज्वलाने फोनवर वाकून ते वाचलं. एका तयार नमुन्यातून तिने कोड घेतला होता, त्यातली ही ओळ तशीच राहिली होती. ऑफिसातल्या दोघींनी तपासूनही ती कुणाला दिसली नव्हती.

"कशालाच नको, आई. माझी चूक."

तिने तिथेच सतरंजीवर लॅपटॉप उघडला, ओळ काढून टाकली. चंद्राबाईंनी सगळं पहिल्यापासून वाचलं. नाव, ईमेल, बस. मग बटण दाबलं. ‘नमस्कार, चंद्राबाई’ अशी अक्षरं आली तशी बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"एवढी चूक राहिली कशी?" देवव्रत सर पुटपुटले.

"राहिली कुठं, सर? आईनं धरली," उज्वला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"बरं, बाकीच्यांचं मी पटापट दाबून देतो." सरांनी अंबाबाईंच्या फोनकडे हात केला. अंबाबाईंनी फोन पदराखाली घेतला.

"मला वाचता येत नाय गं, चंद्रे."

चंद्राबाईंनी सरकून सतरंजीवर जागा केली. "ये. मी वाचते. दाबायचं का नाय, ते तू ठरव."